लूप शून्य वेळा फिरला तर? ऑप्टिमायझेशन तपासताना या चुका टाळा

लूप सोपा करणारा पास, म्हणजे कंपायलरचा कोड सुधारणारा एक टप्पा, लिहिला, ० ते एन वजा १ ची बेरीज करणाऱ्या लूपवर एनला १० देऊन चालवला, उत्तर ४५ आलं. बडोद्यात कंपायलरचा प्रोजेक्ट घेणाऱ्या बहुतेक मुलांची तपासणी इथेच संपते आणि मंडळी शेवउसळ खायला पळतात. एन १० असताना चुकणारा पास लिहायलाही कौशल्य लागतं!

सगळ्यात महाग पडते ती शून्य फेऱ्यांची चूक. समजा लूपमध्ये अ भागिले ब आहे आणि दोन्ही बदलत नाहीत, म्हणून पास तो भागाकार उचलून लूपच्या आधी ठेवतो. आता एन, म्हणजे फेऱ्यांची संख्या, शून्य आणि ब-ही शून्य. मूळ प्रोग्राम भागाकारापर्यंत पोचतच नाही, नवा मात्र तिथेच कोसळतो. इथल्या एका गटानं ही टेस्ट लिहिलीही होती, पण चालवली एआरएम ६४ प्रोसेसरच्या लॅपटॉपवर. त्यावर पूर्णांकाला शून्यानं भागलं तर तक्रार न होता गुपचूप शून्य मिळतं. टेस्ट हिरवी! सादरीकरणाच्या दिवशी लॅबमधल्या एक्स८६ प्रोसेसरच्या मशीनवर तोच कोड ‘फ्लोटिंग पॉइंट एक्सेप्शन’ म्हणत पडला, आणि पोरं दोन तास फ्लोट, म्हणजे दशांश संख्या, शोधत बसली. कोडमध्ये एकही फ्लोट नव्हता. लिनक्सवर पूर्णांकाच्या भागाकाराचा सिग्नलही याच नावानं येतो.

म्हणून नुसत्या उत्तरावर विसंबू नका. आयआर, म्हणजे कोडचं कंपायलरमधलं मधलं रूप, उघडा आणि भागाकार कुठल्या ब्लॉकमध्ये गेला ते डोळ्यांनी बघा. ब शून्य नाही हे सिद्ध नसेल, तर एन शून्याहून मोठा असल्याची तपासणी त्याच्या आधी आलीच पाहिजे. भागाकार लूपमधल्या एखाद्या इफच्या आत असेल तर तेवढ्यानंही भागत नाही. चिन्हयुक्त पूर्णांकात सर्वांत लहान संख्या भागिले उणे एक हीदेखील एक्स८६ला पाडते.

दुसरी लाडकी चूक सूत्राची. ० ते एन वजा १ ची बेरीज करणारा लूप काढून पास एन गुणिले (एन वजा १), भागिले २ असं लिहितो. ३२ बिटी अनसाइन्डमध्ये, म्हणजे चिन्हाविना पूर्णांकात, एन ६५५३६ असताना दोन्हीकडे २१४७४५०८८०. एकच वाढवा: ६५५३७ ला लूप २१४७५१६४१६ देतो, सूत्र ३२७६८. बेरीज मावते, मधला गुणाकार मावत नाही, भागण्याआधीच वरचा बिट गळतो. एलएलव्हीएम हा कंपायलरचा संच म्हणूनच हा गुणाकार ३३ बिटांत करतो. टेस्टमध्ये ०, १, ६५५३६, ६५५३७ आणि ४२९४९६७२९५ हे पाचही हवेत.

एनची किंमत टेस्टमध्येच लिहून टाकली की आधीचे पास लूप गिळून बसतात आणि तुमच्या पासला काही उरतच नाही. एन पॅरामीटर म्हणून घ्या आणि ऑप्ट या एलएलव्हीएमच्या साधनानं फक्त तुमचाच पास चालवा.

टेस्टचं आउटपुट पडताळणाऱ्या फाइलचेक साधनाच्या ओळीत ‘चेक’ नंतरचा कोलन राहिला तर ती ओळ नुसती कॉमेंट ठरते.

फ्लोटच्या बेरजेचा क्रम बदलू नका. व्होलटाइल, म्हणजे दरवेळी मेमरीतूनच वाचायच्या-लिहायच्या, व्हेरिएबलला हात लावू नका.

टेस्ट लाल झाली की अपेक्षित आउटपुट आपोआप भरणारी स्क्रिप्ट चालवून मोकळं होणं, या आळसाला माफी नाही. कंपायलरनं जे ओकलं तेच ती बरोबर म्हणून लिहिते. डिफ, म्हणजे जुन्या-नव्या आउटपुटमधला फरक, ओळ न् ओळ वाचा.

पासनं कोडचा अर्थ बदलला नाही ना हे तपासणाऱ्या अलाइव्ह२ साधनानं हिरवा कंदील दिला तरी ते लूप मोजक्याच वेळा उलगडून बघतं. ६५५३७ व्या फेरीपर्यंत ते जात नाही, ती टेस्ट हातानंच लिहा.