नव्या शहरात पहिली शिफ्ट? आधी एक चक्कर मारून या

अनोळखी मोठ्या शहरात नर्सिंगचं नवीन कॉन्ट्रॅक्ट घेतलं की पहिल्या दिवशी हमखास उशीर होतो, आणि तो रस्त्यात कमी, हॉस्पिटलच्या आवारातच जास्त होतो. मॅप मेन गेटला सोडतो, पुढे कुठली लिफ्ट वॉर्डला जाते ते थोडंच सांगतो!

१. एक-दोन दिवस आधी शिफ्टच्याच वेळेला जाऊन या. ड्युटी सकाळी ७ ची असेल तर दुपारी २ ला जाऊन काही उपयोग नाही, ट्रॅफिक वेगळं, बसचं टायमिंग वेगळं.

२. खोलीच्या दारापासून वॉर्डच्या दारापर्यंत वेळ मोजा, पार्किंगसकट.

३. रात्री कुठलं दार उघडं असतं ते सिक्युरिटीला विचारा, बऱ्याच ठिकाणी फक्त इमर्जन्सीकडून आत सोडतात. मी एकदा बंद काचेसमोर गळ्यात स्टेथो अडकवून १० मिनिटं उभी, आणि आतून लादी पुसणारे काका हातवारे करतायत, तिकडून या तिकडून या!

एक मात्र, नाइट संपवून डोळ्यांवर झापड असताना स्वतः गाडी चालवू नका, म्हणून परतीची बस किंवा ट्रेनही याच चकरेत बघून ठेवा.