ग्रोल शिकताना: गळ्याचं किती, मशीनचं किती

माझा आवाज पहिल्यांदा बसला तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, आणि बसला तो एका रेकॉर्डपायी. डीसाइड या अमेरिकन डेथ मेटल बँडचा १९९० चा पहिला अल्बम हेडफोनवर ऐकला आणि ठरवलं, हा आवाज काढायचाच. खालून जाड गुरगुर, जिला मेटलमध्ये ग्रोल म्हणतात, आणि त्याच शब्दावर वरून चिरकी किंकाळी, दोन्ही एकदम. आठवडाभर हॉस्टेलच्या गच्चीवर जीव खाऊन ओरडलो. आठव्या दिवशी मेसमध्ये भाजी मागायला तोंड उघडलं, तर नुसती हवा.

कारण साधं होतं, पण ते कळायला मला दोन वर्षं लागली. तो आवाज एका गळ्यातून एका वेळी निघालेलाच नव्हता. बँडच्या गायकाने, ग्लेन बेंटनने, फ्लोरिडातल्या टॅम्पाच्या मॉरिसाउंड स्टुडिओत खालचा आवाज वेगळा गायला, वरचा वेगळा, आणि मग ते एकावर एक चढवले. मी ते दोन्ही एकाच दमात काढायला बघत होतो.

म्हणून कुणी नवीन मुलगा किंवा मुलगी विचारते, ‘दादा, अमक्यासारखा आवाज कसा काढायचा?’, तेव्हा मी उलट विचारतो, त्यातला गळा किती आणि मशीन किती, हे आधी ऐकलंस का? लिव्हरपूलच्या कार्कास बँडने १९८८ च्या पहिल्या अल्बमवर आवाज पिच शिफ्टरमधून (आवाजाची पट्टी वर-खाली करणारं यंत्र) काढून खाली ओढला होता. तो गटारातून आल्यासारखा आवाज शोधत कुणी गळा खरवडत बसला, तर तो मिळणार नाही. याच्या बरोबर उलट फिनलंडचा डेमिलिच बँड. त्यांच्या १९९३ च्या अल्बमवर गायक अँटी बोमनचा आवाज ढेकर आणि बेडूक यांच्या मधला कुठलातरी आहे, आणि कव्हरवर त्यांनी मुद्दाम छापलंय की आवाजावर कुठलाही इफेक्ट वापरलेला नाही. दोन्ही रेकॉर्ड लागोपाठ ऐका. कानाला हा फरक कळायला लागला, की अर्धं शिक्षण झालं.

आता गळ्याचं. आवाज बसल्यावर मी घशाच्या डॉक्टरकडे गेलो. बाईंनी नाकातून कॅमेरा घातला, स्क्रीनकडे बघितलं आणि विचारलं, ‘शाळेत शिकवता का? की भाजी विकता?’ स्वरतंतू सुजले होते, गाठी मात्र झाल्या नव्हत्या. महिनाभर गाणं बंद. शिवाय कुजबुजायचंही नाही, हे मला नवीन होतं. आवाज बसला की आपण कुजबुजत बोलतो, पण त्यानेही गळ्यावर ताण येतोच. बोलायचंच असेल तर हळू आणि साध्या आवाजात बोलायचं. आवाज दोन-तीन आठवड्यांत सुटला नाही, तर काढा पीत घरी बसू नका, दाखवून घ्या.

त्याच स्क्रीनवर मी पहिल्यांदा बघितलं, की खऱ्या स्वरतंतूंच्या जरा वर मांसाच्या आणखी दोन पट्ट्या असतात. यांनाच फॉल्स कॉर्ड म्हणतात. ग्रोलचा जाडपणा येतो तो मुख्यतः यांच्या आणि आजूबाजूच्या मांसाच्या थरथरण्यातून. यात सैतानी असं काही नाही. सायबेरियातल्या तुवा भागात कारगिरा म्हणून कंठगायनाचा प्रकार आहे, त्यात याच पट्ट्या खऱ्या तंतूंच्या निम्म्या वेगाने हलतात आणि आवाज एक सप्तक खाली ऐकू येतो. लोर्ना शोर या मेटल बँडच्या गायकाने, विल रामोसने, २०२२ मध्ये घशात कॅमेरा घालून स्क्रीम करून दाखवलं, तो व्हिडिओ जेवणाआधी बघू नका, पण बघा.

शिकायला दोन वाटा आहेत. एक फॉल्स कॉर्ड: जड पोतं उचलून खाली ठेवल्यावर ‘हाऽऽ’ करून जो सुस्कारा निघतो, तिथून सुरुवात. हवा जास्त लागते, आवाज भरीव येतो. दुसरी फ्राय: सकाळी उठल्या उठल्या फोनवर ‘हॅलो’ म्हणताना जी करकर येते, तिला पोटाचा आधार देत हळूहळू मोठं करायचं. हवा कमी लागते, आवाज बारीक आणि धारदार येतो. मला फॉल्स कॉर्ड तीन महिन्यांत सापडला, फ्राय अजूनही रुसून बसतो. कुठली वाट तुमची, ते करूनच कळतं. आत श्वास ओढत काढायच्या आवाजांच्या नादी मात्र सुरुवातीला लागू नका. घसा कोरडा पडतो आणि रेकॉर्डिंगवर तो आवाज बहुधा बारीक निघतो.

दोन्ही वाटांचा नियम एकच: आवाज लहान ठेवायचा. हे कुणाला पटत नाही. चांगला ग्रोल खोलीत उभं राहून ऐकला तर बोलण्याहून थोडासाच मोठा असतो. मोठा करतो तो माइक. मी लहानपणी चार वर्षं शास्त्रीय शिकलो होतो. बाई पहाटे खर्ज लावायला बसवायच्या आणि जोर दिला की म्हणायच्या, ‘अरे, ढकलू नकोस, ठेव.’ तेव्हा कंटाळा यायचा. ग्रोल शिकताना त्याच वाक्यावर परत आलो. जोर बरगड्यांखाली हवा, गळ्यात नको. टोचलं, खाज सुटली, खोकला आला, तर त्या दिवसाचं तिथेच थांबवायचं. माझा रियाज अजूनही रोज पंधरा-वीस मिनिटांचाच आहे.

पाण्याबद्दल एक गैरसमज. प्यायलेलं पाणी स्वरतंतूंवरून जात नाही. तसं गेलं तर ठसका लागेल. ते शरीरात मुरून मग तिथपर्यंत पोचतं. म्हणजे गिगच्या पाच मिनिटं आधी बाटली रिकामी करून काही होत नाही, सकाळपासून प्यावं लागतं. आणि ॲसिडिटी असेल तर रात्री अकराची मिसळ बंद. माझं निम्मं दुखणं ओरडण्याचं नव्हतंच, ते झोपेत वर येणाऱ्या आम्लाचं होतं.

मराठीत ग्रोल करून बघणाऱ्यांसाठी एक माझं निरीक्षण. घ, ध, भ, ढ ही आपली महाप्राण अक्षरं म्हणजे आयती सोय आहे. हवेचा झोत अक्षरातच येतो, त्यावर ग्रोल सहज चढतो. ‘आ’ आणि ‘ओ’ वर आवाज उघडतो. ‘ई’ वर तो चिमटतो, म्हणून ‘ई’ जरा ‘ए’ कडे झुकवून म्हणायचा. ‘ळ’ ला जीभ मागे वळते आणि सगळं गुदमरतं. मी शब्द लिहितानाच ओळीचा शेवट ‘ळ’ वर येऊ देत नाही. ‘काळ’ हा शब्द मेटलमध्ये टाळायचा म्हणजे काय हाल होतात, ते मला विचारा.

आता मशीन. माझं पोट ग्रोलवर चालत नाही, दुसऱ्यांची गाणी मिक्स करण्यावर, म्हणजे वेगवेगळे रेकॉर्ड केलेले ट्रॅक एकत्र बसवण्यावर, चालतं, त्यामुळे इथे जरा रेंगाळतो.

रेकॉर्डिंगला महागडा माइक लागत नाही. शुअरचा एसएम५८ घ्या, कपड्यांचं कपाट उघडून त्याच्यासमोर उभे राहा, मागे गादी लावा. तोंड चार बोटं लांब. सर्वात मोठा आवाज मीटरवर उणे दहा डेसिबलच्या आसपास राहील असा गेन, म्हणजे रेकॉर्डिंगची पातळी, ठेवा. माइकची जाळी मुठीत धरायची सवय मोडा. जाळीच्या मागच्या बाजूने हवा आत जाते म्हणून तो माइक फक्त समोरचं ऐकतो. मूठ आवळली की तो सगळीकडचं ऐकायला लागतो आणि स्टेजवर शिट्टी मारतो. मूठ धरून आवाज जाड वाटतो खरा, पण शब्द चिखलात जातात.

मग मिक्स. ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं कापून टाका, तिथे किक ड्रम आणि बास गिटार राहतात. ३०० च्या आसपास थोडं कमी करा, नाहीतर रजईतून बोलल्यासारखं वाटतं. २ ते ४ हजारांत थोडं वाढवलं की शब्द पुढे येतात. कॉम्प्रेसर, म्हणजे आवाजातली चढउतार दाबणारं साधन, दोन लावतो: पहिला चपळ, उसळणारी टोकं पकडायला, दुसरा संथ, सगळं एका पातळीवर ठेवायला. एकाच कॉम्प्रेसरला सगळं काम दिलं की तो धापा टाकतो आणि ते ऐकू येतं.

गळा न दुखवता ‘घाण’ आणायची खरी युक्ती पुढे आहे. ट्रॅकची प्रत करा, तिच्यातला खालचा भाग कापा, गिटार अँपची नक्कल करणाऱ्या प्लगिनमधून (सॉफ्टवेअरमधून) ती पूर्ण करपवा, म्हणजे डिस्टॉर्ट करा, आणि मूळ आवाजाखाली अगदी हळू सरकवा. बंद केल्यावर चुकल्यासारखं वाटलं पाहिजे, चालू असताना दिसता कामा नये. पिच शिफ्टचंही तसंच. आणखी एक प्रत बारा सेमिटोन, म्हणजे एक सप्तक खाली. पण गाणंभर नाही, दोन-चार शब्दांखालीच. गाणंभर लावली की राक्षस वाटत नाही, खंडणीसाठी फोन करणारा वाटतो.

डबल, म्हणजे त्याच ओळीचा जोड टेक, मात्र प्रत करून होत नाही, पुन्हा गावंच लागतं. एक टेक डावीकडे, एक उजवीकडे, मुख्य मधे. त्या बाजूच्या दोन टेकमधले ‘त’, ‘क’, ‘स’ मी कापून टाकतो, नाहीतर तीन माणसं एकामागोमाग शिंकल्यासारखं होतं. शंभर मिलिसेकंदाच्या आसपास एक डिले (प्रतिध्वनी), छोटा प्लेट रिव्हर्ब (घुमारा). ब्लॅक मेटल असेल तर मोठा, गुहेतला. पहिल्या शब्दाआधीचा श्वास मी ठेवतो. आपल्याकडे ऐकायचं तर मुंबईच्या डेमॉनिक रेझरेक्शन आणि गटस्लिटची रेकॉर्डिंग शेजारी ठेवून बघा, एकाच शहरातले दोन बँड आवाज किती वेगळा ठेवतात ते.

मग गिग येतो आणि हे सगळं घरी राहतं. डबल नाही, करपवलेली प्रत नाही. आपला आवाज मॉनिटरमध्ये, म्हणजे स्टेजवर आपल्याकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये, आला नाही की माणूस नकळत ढकलायला लागतो, आणि रेकॉर्डिंगवर जपलेला गळा तिसऱ्या गाण्यात जातो. म्हणून साउंड चेकला मी साउंडवाल्याला एवढंच सांगतो: ‘दादा, मॉनिटरमध्ये माझा आवाज कोरडा आणि भरपूर दे, रिव्हर्ब नको.’ तो हो म्हणतो आणि रिव्हर्ब लावतोच. दुसऱ्या गाण्याआधी परत सांगावं लागतं.