थकलेले मन सावरताना : समुपदेशन, योग आणि हातांचे काम कोणत्या क्रमाने करावे

बर्नआउट आणि मानसिक आघात यांचा उल्लेख हल्ली एकाच दमात होतो; परंतु उपाय सुरू करण्यापूर्वी आपल्याला यांपैकी नेमके काय झाले आहे, हे पाहावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटला आजार न म्हणता कामाशी संबंधित स्थिती म्हटले आणि तिची तीन लक्षणे सांगितली: अंगातली शक्ती संपून जाणे, कामाविषयी तुटलेपणा किंवा कडवटपणा येणे आणि आपल्या हातून काही धड होत नाही असे वाटणे. बेळगावच्या उद्यमबागेत जादा पाळ्या करणारा फाउंड्रीतला सुपरवायझर किंवा शिकवण्याबरोबर सर्वेक्षणांची कामे उरकणारी शिक्षिका यांना हे वर्णन ओळखीचे वाटेल. आघाताचे स्वरूप वेगळे असते. ऑगस्ट 2019 च्या महापुरात कृष्णा, घटप्रभा किंवा मलप्रभेच्या काठी ज्याचे घर पाण्यात गेले, त्याला पावसाचा जोर वाढताच धडधड होत असेल, झोप उडत असेल आणि तो प्रसंग पुन्हा घडतो आहे असे वाटत असेल, तर केवळ विश्रांती घेऊन भागणार नाही. काहींच्या वाट्याला दोन्ही येते, आणि मग क्रम अधिकच सांभाळावा लागतो.

समुपदेशन, योग आणि सर्जनशील काम ही तिन्ही एकाच सोमवारी सुरू करू नयेत, कारण दमलेल्या माणसाला तेही आणखी एक वेळापत्रकच होऊन बसते. सुरुवात बोलण्याने करावी. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाची चौकशी करता येते, धारवाडला मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे, आणि घरातून बाहेर पडणेच जड वाटत असेल तर 14416 हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा क्रमांक दिवसरात्र विनाशुल्क उपलब्ध असतो. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील, तर पुढचे काहीही न वाचता आधी हा फोन करावा आणि घरातल्या एखाद्या माणसाला जवळ बसवून घ्यावे.

पहिल्या भेटीत प्रश्न विचारण्यास संकोच करू नये. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे असते, ती आहे का, आघातग्रस्तांसोबत काम केल्याचा अनुभव आहे का, आणि संभाषण मराठीतून होईल का, हे स्पष्ट विचारावे. कन्नडमधून बाजारहाट आणि कचेरीची कामे उत्तम करणाऱ्यालाही लहानपणीची भीती आईच्या भाषेतच सांगता येते. जिथे प्रत्येक गल्लीत कोणी ना कोणी पाहुणा निघतो, तिथे गुप्ततेची धास्ती स्वाभाविक आहे. म्हणून हेही माहीत असावे की 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचारांविषयीच्या गोपनीयतेचा हक्क रुग्णाला दिलेला आहे. पहिल्या काही भेटींतच सगळा प्रसंग सांगून टाकण्याची घाई करू नये. आधी झोप, जेवण आणि घाबरल्यावर स्वतःला शांत करण्याची एखादी रीत बसली पाहिजे.

ही रीत बसवायला योगाची मदत होते, मात्र नेहमीच्या वर्गातला योग जसाच्या तसा उचलून चालत नाही. 'डोळे मिटा, शरीर सैल सोडा' ही सूचना आपल्याकडे फार सहज दिली जाते. आघात झालेल्या माणसाला डोळे मिटताच तोच प्रसंग दिसू शकतो. त्याने डोळे उघडे ठेवावेत, भिंतीला पाठ टेकून बसावे आणि शवासनाऐवजी कुशीवर निजावे. शिक्षकांनी न विचारता अंगाला हात लावून आसन दुरुस्त करू नये, हे त्यांना आधीच सांगावे. चार अंक मोजत श्वास घ्यावा आणि सहा मोजत सोडावा. उच्छ्वास लांबला की हृदयाची गती मंदावण्यास मदत होते. कपालभाती, भस्त्रिका हे जोरकस श्वासाचे प्रकार आणि दीर्घ कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणे, घबराट वाढवू शकतात, म्हणून सध्या ते बाजूला ठेवावेत. रोज दहा मिनिटे पुरतात. अमेरिकेत 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, उपचारांना दाद न देणारा आघातोत्तर विकार असलेल्या 64 स्त्रिया होत्या. दहा आठवडे योग केलेल्या गटातील 52 टक्के स्त्रिया विकाराच्या निकषांत बसेनाशा झाल्या, तर आरोग्यशिक्षण घेतलेल्या गटात हे प्रमाण 21 टक्के होते. अभ्यास लहान आहे, आणि त्या स्त्रियांचे इतर उपचार सुरूच होते, हे विसरू नये.

श्वास थोडा हाताशी आला की हातांना काम द्यावे. जुन्या लुगड्यांची वाकळ शिवणे यासाठी विशेष चांगले, कारण टाका हळू पडतो, लक्ष हातात राहते आणि ती सुंदर झालीच पाहिजे असा कोणाचा आग्रह नसतो. खानापूर परिसरात कुंभारकाम पाहायला आणि शिकायला मिळते. भजनात बसणाऱ्याचा उच्छ्वास आपोआप लांबतो, ही जमेची बाजू. मनातले लिहून काढायचे असेल तर समुपदेशकाला विचारूनच, सलग तीन-चार दिवस, पंधरा ते वीस मिनिटे लिहावे. लिहिल्यावर काही वेळ मन अधिक जड होते, म्हणून ते रात्री झोपण्यापूर्वी करू नये. यातले काहीही स्टेटसवर टाकू नये, नाहीतर तेही लोकांच्या पसंतीसाठी केलेले काम होते.

समुपदेशनाच्या दिवशी दुपारनंतर कोणतेही काम ठेवू नये आणि त्या संध्याकाळी फक्त श्वासाचा सराव करावा. वाकळ किंवा माती दुसऱ्या दिवसासाठी राखावी. आसन करताना कुठे ताठरलो, शिवताना अचानक कशाची आठवण आली, याची दोन ओळींत नोंद करून ती पुढच्या भेटीत न्यावी. तिन्ही गोष्टी खऱ्या अर्थाने जोडल्या जातात त्या या नोंदीतून.

बर्नआउट असलेल्याला मात्र एवढ्यावर थांबता येत नाही. ज्या कामाने माणूस मोडला तेच काम तितकेच राहिले, तर श्वासाचा सराव त्याला उद्याच्या पाळीपुरताच उभा करतो. वरिष्ठांशी बोलताना 'फार ताण आहे' असे मोघम न सांगता कोणते काम कमी व्हावे, कोणती पाळी बदलावी आणि किती आठवड्यांसाठी, हे कागदावर लिहून न्यावे. रजा लागणार असेल तर डॉक्टरांचे प्रमाणपत्र अर्जासोबतच जोडावे.