कॅमेरा ट्रॅपचा डेटा दुसऱ्याला वापरता येईल असा कसा ठेवायचा

पेपर सबमिट करायच्या आदल्या रात्री फोल्डर उघडावा तर आत फायनल, फायनल २ आणि खरंच फायनल, आणि कुठल्या शीटवरून टेबल काढलं ते आपल्यालाच आठवत नाही. हे नको असेल तर सुरुवात कॅमेरा ट्रॅपच्या, म्हणजे जंगलात जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याच्या, पहिल्या मेमरी कार्डापासूनच करा.

कार्डावरचे फोटो आणि फील्डवर भरलेली शीट आधी रीड-ओन्ली करून टाका. त्यात साधं स्पेलिंगसुद्धा सुधारायचं नाही, जी काय दुरुस्ती ती स्क्रिप्टमधून (कोडच्या छोट्या फाइलीतून), म्हणजे काय बदललं ते दिसतं. एक्सेलवर तर भरवसाच नको. मी कळपाच्या कॉलममध्ये ५-८ टाकलं, म्हणजे पाच ते आठ जनावरं, तर त्यानं सरळ ५ ऑगस्ट करून टाकला! आता किमान आणि कमाल असे दोन कॉलम ठेवते. (याच खोडीपायी २०२० मध्ये काही मानवी जनुकांची नावं बदलावी लागली, त्यामानाने मी स्वस्तात सुटले.)

लोक हमखास विसरतात ते म्हणजे कुठला कॅमेरा कधीपासून कधीपर्यंत चालू होता याचं वेगळं टेबल. १४ तारखेला बॅटरी गेली आणि २० ला कळलं, तर मधल्या दिवसांत बिबट्या आला नाही असं म्हणता येत नाही, आपण बघतच नव्हतो. तिथे शून्य भरलं की सगळं गणित गंडतं. घड्याळही बॅटरी काढली की कधीकधी रिसेट होतं, म्हणून कार्ड बदलताना जीपीएसची वेळ कॅमेऱ्यासमोर धरून एक फोटो पडू द्यायचा.

कॉलमची नावं स्वतः शोधत बसू नका, डार्विन कोअर (जीवांच्या नोंदींसाठी ठरवलेली कॉलमची नावं) किंवा कॅमट्रॅप डीपी (तसंच, पण खास कॅमेरा ट्रॅपसाठी) घ्या. रीडमीमध्ये, म्हणजे डेटासोबतच्या माहितीच्या फाइलीत, ३० मिनिटांतले फोटो एकच भेट धरले का तासाभरातले, हे लिहाच, नाहीतर दुसऱ्याचे आकडे जुळणारच नाहीत.

कोडसोबत आर (आकडेमोडीची प्रोग्रामिंग भाषा) आणि तिच्या पॅकेजची व्हर्जन द्या. नुसतं सीड, म्हणजे रँडम आकडे दरवेळी तेच यावेत म्हणून दिलेला सुरुवातीचा आकडा, पुरत नाही, २०१९ च्या आर ३.६.० मध्ये सॅम्पल फंक्शनची पद्धत बदलली आणि तेच सीड देऊन वेगळे आकडे यायला लागले. शेवटी सगळं एखाद्या मैत्रिणीच्या लॅपटॉपवर चालवायला द्या आणि शेजारी गप्प बसा. ती जिथे अडेल तिथे रीडमी कच्चं आहे.

आता लोकेशन. चीन-व्हिएतनाम सीमेकडच्या एका पालीचं, गोनिउरोसॉरस लुई, वर्णन १९९९ मध्ये आलं आणि पाळायला विकणाऱ्यांनी ती मूळ जागेवरून पार उचलून नेली. त्यामुळे शिकारीचा धोका असेल तर अक्षांश-रेखांश ०.१ अंशापर्यंत, म्हणजे साधारण ११ किमीपर्यंत, राउंड करा आणि तसं केलंय हे लिहा. फोटोच्या मेटाडेटात जीपीएस राहून जातं, तेही पुसा, आणि माणसांचे फोटो काढून टाका. पण या नावाखाली अख्खा डेटा दाबून बसणं मला पटत नाही, तारखा आणि कॅमेऱ्याचे दिवस द्यायला कोणाची हरकत आहे?

पेपरमध्ये डेटा 'मागितल्यास देऊ' असं लिहू नका, ईमेल बदलतात, माणसं नोकरी सोडतात. झेनोडो किंवा ड्रायड अशा डेटा जपून ठेवणाऱ्या साइटवर टाका, जनावरांच्या गळ्यातल्या जीपीएस कॉलरचा डेटा असेल तर मूव्हबँकवर. डेटा कोणी कसा वापरायचा याचं लायसन्स लिहा. नंतर चूक सापडलीच तर झेनोडोवर नवी व्हर्जन चढवता येते, जुनी तिच्या डीओआयवर (न बदलणाऱ्या ओळख क्रमांकावर) तशीच राहते, म्हणून पेपरमध्ये ज्या व्हर्जनवरून आकडे काढलेत तिचाच डीओआय द्या.