आयईएलटीएसची तयारी शाळेत असतानाच करताय? मग या चुका टाळा

बडोद्यातल्या मराठी घरांत मूल अकरावी-बारावीला गेलं की हल्ली जेईई-नीटच्या बरोबरीनं आयईएलटीएसचंही, म्हणजे इंग्रजी किती येतं हे तपासणाऱ्या परीक्षेचंही, नाव निघतं. परदेशात पदवीला जायचं ठरतं, क्लास लावला जातो, जाडजूड पुस्तकं घरी येतात आणि मूल पाठांतराला बसतं. चूक इथूनच सुरू होते. या परीक्षेला धडे नाहीत, ‘आयएमपी’ प्रश्न नाहीत, पास-नापासही नाही. शून्य ते नऊ या पट्टीवर तुमचा बँड ठरतो. म्हणून आपलं नेमकं कुठे अडतंय हे शोधायचं आणि तेवढंच दुरुस्त करायचं, हीच खरी तयारी.

‘इंग्लिश मीडियमची आहे, तिला काय अवघड?’ हे वाक्य फार फसवं आहे. शाळेत पुस्तकं इंग्रजी असली तरी मधल्या सुट्टीत गुजराती, घरी मराठी आणि रिक्षावाल्याशी हिंदी, असाच दिवस जातो. स्पीकिंगची परीक्षा ११ ते १४ मिनिटांची असते. सलग इतका वेळ इंग्रजीतच बोलायची वेळ अनेक मुलांवर तिथे पहिल्यांदाच येते. उलट गुजराती माध्यमातली मुलं व्याकरण घोटून आलेली असली, तरी उगाच घाबरतात. म्हणून क्लासची फी भरण्याआधी घरीच घड्याळ लावून एक पूर्ण सराव परीक्षा द्या. लिसनिंग आणि रीडिंग उत्तरसूचीवरून तपासता येतं. रायटिंग-स्पीकिंगसाठी शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंना किंवा सरांना विनंती करा. माध्यम कोणतं यापेक्षा चार विभागांत आपण कुठे आहोत, हे कळणं महत्त्वाचं.

मग येते मॉक टेस्टची हाव. दर रविवारी एक पेपर, बँड बघायचा, हळहळायचं आणि पुढचा पेपर. रोज काट्यावर उभं राहून वजन कमी होत नाही. एका पेपरला जेवढा वेळ दिला, त्याच्या दुप्पट वेळ त्यातल्या चुकांना द्या.

लिसनिंगमध्ये हे चांगलं जमतं. चाळीस प्रश्न असतात आणि ध्वनिफीत एकदाच ऐकवतात. पेपर झाल्यावर लिखित संवाद समोर ठेवून पुन्हा ऐका आणि चुकांचे तीन ढीग करा. पहिल्या ढिगात माहीतच नसलेले शब्द. इथे शब्दसंपत्तीच कमी पडते, वाचन वाढवायला हवं. दुसऱ्यात माहीत असलेले पण कानाला न ओळखू आलेले शब्द. यावर उपाय म्हणजे ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, अमेरिकन असं वेगवेगळं बोलणं सबटायटल बंद ठेवून ऐकणं. सबटायटल चालू असले की आपण वाचत असतो, ऐकत नसतो. तिसऱ्या ढिगात बरोबर ऐकूनही चुकीचं लिहिलेलं: स्पेलिंग चुकलं, शेवटचा ‘एस’ गळला, दोनच शब्दांची मर्यादा असताना तीन लिहिले. बोलणारा आधी ‘थर्टीन’ म्हणतो आणि लगेच ‘सॉरी, थर्टी’ म्हणून बदलतो, तिथेही गुण जातात. आपल्याकडे बहुतेकांचा तिसरा ढीगच मोठा निघतो आणि तो काही आठवड्यांच्या शिस्तीनं उतरतो. पण क्लासमध्ये सगळ्यांना सरसकट शब्दयाद्याच पाठ करायला दिल्या जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

रीडिंगमध्ये शाळेची सवय नडते. शाळेतला उतारा आपण निवांत वाचतो आणि मग प्रश्नांकडे वळतो. इथे तीन मोठे उतारे, चाळीस प्रश्न आणि साठ मिनिटं. उत्तरं उतरवायला वेगळा वेळ नाही. सगळ्यात जास्त गोंधळ ‘ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन’चा. समजा, उताऱ्यात लिहिलंय की सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बडोद्यात बोलावलं आणि त्यांच्याकडे ग्रंथालयांचं काम सोपवलं. विधान आहे, ‘बॉर्डन येण्याआधी बडोद्यात एकही ग्रंथालय नव्हतं.’ बडोद्याचा मुलगा म्हणून तुम्हाला खरं-खोटं माहीत असेलही, पण उतारा त्यावर काहीच बोलत नाही. उत्तर ‘नॉट गिव्हन’. उतारा विधानाच्या विरुद्ध सांगत असेल तेव्हाच ‘फॉल्स’. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही जागा कोरी सोडू नका.

पाठ केलेला निबंध

रायटिंगमध्ये बँड सर्वात जास्त अडकतो आणि त्याला कारणही आपणच तयार करतो. ‘इन धिस मॉडर्न इरा ऑफ सायन्स अँड टेक्नॉलॉजी’ अशी सुरुवात, मध्ये रिकाम्या जागा भरायचे साचे, शेवटी ठरलेलं वाक्य. परीक्षक हे साचे ओळखतात आणि पाठ केलेल्या भाषेला श्रेय देत नाहीत. ते चार गोष्टी बघतात: विचारलेल्याचं उत्तर दिलं का, मुद्द्यांची बांधणी, शब्दांचा वापर आणि व्याकरण. चारहींचं वजन सारखं. साच्यानं पहिलीच गोष्ट हातची जाते, कारण प्रश्न एक आणि उत्तर भलतंच.

साठ मिनिटांत पहिलं टास्क किमान १५० शब्दांचं आणि दुसरं किमान २५० शब्दांचं. दुसऱ्याचं वजन दुप्पट असतं, तरी मुलं पहिल्यावर अर्धा तास घालवतात. वीस मिनिटं झाली की पुढे जा. चाळीसमधली पहिली पाच मिनिटं नुसता विचार करा: माझं मत काय, कारणं कोणती, उदाहरण कुठलं.

मराठी बोलणाऱ्यांच्या काही खास चुका आहेत. आपल्या भाषेत ‘अ, ॲन, द’सारखं काही नाही, त्यामुळे ते गळतात. ‘आय हॅव टू ब्रदर्स’ऐवजी ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ म्हटलं तरी आपल्याला चुकीचं वाटतच नाही. पहिल्या टास्कमध्ये तक्त्यांचं वर्णन करताना लाख-कोटींत विचार करून मिलियन लिहिलं की शून्यं चुकतात. दहा लाख म्हणजे एक मिलियन, हे हातात बसेपर्यंत लिहा. तपासून आलेल्या निबंधातली प्रत्येक चूक वहीत उतरवा. महिनाभरात दिसेल की चुका ढीगभर असल्या तरी प्रकार पाच-सहाच आहेत.

स्पीकिंगमध्ये क्यू कार्ड, म्हणजे बोलायचा विषय लिहिलेलं कार्ड, येतं: एक मिनिट विचार करायला, मग एक ते दोन मिनिटं बोलायचं. ‘आवडतं सार्वजनिक ठिकाण’ आलं की मुलं पाठ केलेला आयफेल टॉवर सांगू लागतात आणि त्यावर पुढचा प्रश्न आला की गप्प. कमाटीबाग सांगा. तिथली झाडं, संग्रहालय, रविवारची गर्दी तुम्ही पाहिलेली आहे, म्हणून शब्द अडला तरी वळसा घालून बोलता येईल. अमेरिकन उच्चारांची नक्कल तर मुळीच नको. ॲक्सेंटला गुण नाहीत, बोलणं स्पष्ट कळतंय का याला आहेत. ‘शिप’ आणि ‘शीप’ वेगळे ऐकू येतात का, ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ एकच होतात का, हे फोनवर आवाज रेकॉर्ड करून रोज तपासा.

तारीख आणि कागदपत्रं

निकाल साधारण दोन वर्षं ग्राह्य धरतात, तेव्हा दहावीच्या सुट्टीत ‘उरकून टाकू’ म्हणू नका. बोर्डाच्या परीक्षेला चिकटून तारीख घेऊ नका, नवरात्रीतही नको. रात्री उशिरा गरब्यावरून येऊन सकाळी रीडिंग होत नाही. पदवीच्या प्रवेशासाठी सहसा ॲकॅडेमिक प्रकार लागतो, पण विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आधी बघा. तिथेच प्रत्येक विभागाची किमान अटही बघा. लिसनिंग ६.५, रीडिंग ७, रायटिंग ५ आणि स्पीकिंग ६.५ मिळाले तर सरासरी ६.२५ येते, ती ६.५ धरली जाते. घरात पेढे वाटले जातात आणि ‘कुठलाही विभाग ६ च्या खाली नको’ या अटीवर प्रवेश अडतो.

आई-बाबांनी एक काम आजच करावं: मुलाचा पासपोर्ट काढून बघावा. अल्पवयीन मुलांचे अनेक पासपोर्ट अठरा वर्षं पूर्ण होताच संपतात. नोंदणीला जो पासपोर्ट दिला तोच परीक्षेच्या दिवशी, मुदतीत असलेला, मूळ प्रत म्हणून लागतो. शाळेच्या कागदांवर आडनाव आधी असलं तरी नोंदणीत नाव आणि आडनाव पासपोर्टवर आहे तसंच, त्याच स्पेलिंगनं भरा.