मुले मासे का टाळतात, हे ताटावरून कसे ओळखावे

घरातील तेरा-चौदा वर्षांचे मूल मासे खात नसेल, तर त्याला ओमेगा-३ चे फायदे ऐकवण्यापूर्वी जेवणानंतरचे त्याचे ताट नीट पाहावे. तुकडी चिवडून काटे कडेला काढले असतील तर अडचण काट्यांची असते. तिला हातही लावला नसेल तर बहुधा वासाची. आणि घरी आवडीने खाणारे मूल मित्रांबरोबर असताना मासे नाकारत असेल, तर प्रश्न चवीचा नसतोच.

वासाचे कारण समजून घेण्यासारखे आहे. समुद्री माशांच्या शरीरात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड असते आणि मासा मेल्यावर जिवाणू त्याचे ट्रायमिथाइलअमाइन बनवतात. उग्र वास येतो तो प्रामुख्याने त्याचा. म्हणून लालसर कल्ल्यांचा, चमकदार डोळ्यांचा आणि दाबल्यावर मांस पुन्हा वर येणारा मासा घ्यावा, त्याच दिवशी शिजवावा आणि आधी लिंबाचा रस चोळावा, कारण आम्लामुळे हे द्रव्य हवेत कमी उडते.

काट्यांसाठी तुकडीच्या जाड भागावरून बोट हलके फिरवावे. टोचणारे टोक चिमट्यात धरून काटा ज्या बाजूला कललेला असेल त्याच बाजूला ओढले, तर मांस फाटत नाही. हे काम एकदा मुलाच्याच हाती द्यावे. घशात काटा अडकण्याची भीती समजावण्यापेक्षा अशाने लवकर जाते, असे माझे मत आहे.

घरातील सवयीचा प्रभाव मात्र या दोन्हींहून मोठा असतो. आईवडील स्वतः मासे खात नसतील, किंवा महागाईमुळे ते क्वचितच आणले जात असतील, तर मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. गोठवलेले किंवा डबाबंद मासे अनेकदा स्वस्त पडतात आणि पोषणातही फारसे उणे नसतात.

प्रमाणाबाबत अनेक देशांतील आहारतज्ज्ञ आठवड्यातून साधारण २ वेळा मासे खाण्याचा सल्ला देतात. शार्क आणि तलवार मासा यांच्यात पारा अधिक साठतो, म्हणून वाढत्या वयात ते टाळून बांगडा, तारली यांसारखे लहान मासे निवडावेत.

मासे खाल्ल्यावर ओठांना खाज किंवा अंगावर गांधी येत असतील, तर तो हट्ट समजू नये. मासे बंद करून डॉक्टरांकडून अॅलर्जीची तपासणी करून घ्यावी.