वरच्या वर्गांची परीक्षा शाळेने कशी आखावी आणि कशी घ्यावी

परीक्षेचे वेळापत्रक बहुतेक ठिकाणी पहिल्या पेपरच्या तारखेपासून लिहायला घेतात. ते निकालाच्या तारखेपासून मागे मोजत यावे, असे बरीच वर्षे परीक्षा विभाग सांभाळल्यावर माझे मत झाले आहे. सर्वांत जास्त वेळ लागतो तो उत्तरपत्रिका तपासायला. एका शिक्षकाकडे चाळीस-चाळीस विद्यार्थ्यांच्या ५ तुकड्या असतील, तर २०० उत्तरपत्रिका होतात. प्रत्येकीला १२ मिनिटे धरली तरी ४० तास लागतात, आणि इतर कामे सांभाळून रोज ३ तासांहून अधिक तपासणी नीट होत नाही. म्हणजे एकट्या तपासणीलाच दोन आठवडे हवेत, आणि बेरजांची पडताळणी व गुणनोंदी त्यानंतरच्या. म्हणून दीर्घोत्तरी विषयांचे आणि मोठ्या गठ्ठ्यांचे पेपर आधी ठेवावेत. ज्यांची तपासणी लवकर उरकते, ते शेवटी ठेवले तरी चालते.

ऐच्छिक विषय असलेल्या वर्गांत आणखी एक अडचण येते: एकाच विद्यार्थ्याचे दोन पेपर एकाच वेळी येऊ शकतात. सर्व विषय आडव्या आणि उभ्या रकान्यांत मांडून, प्रत्येक जोडीचे दोन्ही विषय किती विद्यार्थ्यांनी घेतले आहेत तो आकडा चौकटीत लिहावा. जिथे शून्य येते तेच दोन पेपर एका सत्रात ठेवता येतात. जिथे एक जरी विद्यार्थी निघाला, तिथे ठेवता येत नाहीत. एका विद्यार्थ्यासाठी सगळे वेळापत्रक कशाला हलवायचे, असा सूर कधी कधी निघतो. पण त्या एकाच्या दृष्टीने ती परीक्षा पूर्णच असते. कच्चे वेळापत्रक विद्यार्थ्यांना दाखवून हरकतींसाठी आठवडाभर द्यावा आणि मगच पक्के करावे.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्याने आधी संविधान तक्ता करावा, म्हणजे कोणत्या घटकाला किती गुण आणि त्यांत स्मरणाचे, आकलनाचे व उपयोजनाचे प्रश्न किती, हे ठरते. आदर्श उत्तरे आणि गुणदान योजना प्रश्नपत्रिकेसोबतच लिहून घ्यावी, कारण उत्तर लिहायला बसल्यावरच प्रश्नातली संदिग्धता उघडी पडते. त्यानंतर त्याच विषयाच्या दुसऱ्या शिक्षकाने घड्याळ लावून संपूर्ण पेपर हाताने सोडवावा. तीन तासांचा पेपर शिक्षकाला दीड तासात सुटत नसेल, तर मी तो लांब समजतो आणि परत पाठवतो. छापून आलेल्या प्रती दालनानुसार मोजून, प्रत्येक पाकिटात दोन जास्तीच्या घालून सीलबंद कराव्यात; त्याआधी प्रत्येक प्रतीची पाने उलटून पाहावीत, कारण मागची बाजू कोरी राहिलेली प्रत नेमकी परीक्षेच्या वेळी हाती येते.

ज्या विद्यार्थ्यांना लेखनिक, मोठ्या टाइपातील प्रश्नपत्रिका किंवा वाढीव वेळ मंजूर आहे, त्यांची यादी वेळापत्रक पक्के करण्याआधीच हातात असावी. ताशी २० मिनिटे वाढीव असतील, तर तीन तासांचा पेपर त्यांच्यासाठी चार तासांचा होतो, आणि दुपारच्या सत्राआधी त्यांना विश्रांतीच मिळत नाही. अशा दिवशी दुसरा पेपर ठेवू नये.

दालनात एका बाकावर दोघे बसणार असतील, तर ते वेगवेगळ्या इयत्तांचे असावेत. भिंतीवरचे तक्ते उतरवावेत, चालू घड्याळ सर्वांना दिसेल असे लावावे, आणि सुरू होण्याची व संपण्याची वेळ फळ्यावर लिहावी. पाकीट दोन विद्यार्थ्यांना सील दाखवून, त्यांची सही घेऊन उघडावे. पर्यवेक्षकाने स्वतःचे गठ्ठे तपासायला सोबत आणू नयेत. सही करताना उत्तरपत्रिकेवरचा बैठक क्रमांक हजेरीपटाशी ताडून पाहावा आणि पुरवण्यांची संख्या नोंदवावी.

एका परीक्षेत गणिताच्या प्रश्नात चिन्ह चुकले होते. दुरुस्ती तोंडी सांगायला शिपाई गेला. तीन दालनांत ती वेळेवर पोचली, चौथ्यात पाऊण तासाने. त्या दालनातल्या एका मुलीने चुकीच्या समीकरणावर दोन पाने भरली होती, ती दोन्ही खोडून तिने उरलेल्या वेळात पुढचे प्रश्न कसेबसे उरकले. ती खोडलेली पाने मी आजही विसरलेलो नाही. तेव्हापासून दुरुस्ती लेखीच निघते, सर्व दालनांत एकाच वेळी फळ्यावर लिहिली जाते, आणि गेलेला वेळ भरून दिला जातो.

गैरप्रकार आढळल्यास दालनात वादावादी करू नये. सापडलेला कागद आणि उत्तरपत्रिका ताब्यात घ्यावी, वेळ नोंदवावी, नवी उत्तरपत्रिका देऊन विद्यार्थ्याला पुढे लिहू द्यावे. दोष आहे की नाही, हे नंतर समितीने त्याचे म्हणणे लेखी घेऊन ठरवावे. इतर मुलांचे लक्ष विचलित करण्याचा अधिकार कोणालाच नाही.

तपासणीआधी त्या विषयाच्या सर्व शिक्षकांनी त्याच १० उत्तरपत्रिकांच्या प्रती स्वतंत्रपणे तपासाव्यात आणि गुण एकत्र मांडावेत. एकाच उत्तराला कोणी ५ पैकी २ आणि कोणी ४ दिलेले दिसले, की गुणदान योजनेत काय स्पष्ट करायचे राहिले ते लगेच कळते. नंतर संपूर्ण गठ्ठ्यातला पहिला प्रश्न, मग दुसरा, अशा क्रमाने तपासावे. त्यामुळे एका विद्यार्थ्याच्या चांगल्या सुरुवातीचा प्रभाव त्याच्या पुढच्या उत्तरांच्या गुणांवर पडत नाही. बेरीज दुसऱ्याने करावी, आणि आतले गुण मुखपृष्ठावर उतरले आहेत की नाही हेही त्यानेच पाहावे.

निकालानंतर तपासलेल्या उत्तरपत्रिका वर्गात दाखवाव्यात आणि शंका मांडायला ठरावीक मुदत द्यावी. शंका रास्त ठरून गुण बदलले, तर त्याच प्रश्नासाठी उरलेला गठ्ठा पुन्हा पाहावा, कारण तशीच चूक न बोलणाऱ्या विद्यार्थ्याच्याही उत्तरपत्रिकेत झालेली असू शकते.